पोटात राहील ते खा, बाकीचं चौथ्या महिन्यात बघू

ताई,
मी 29 वर्षांची आहे. पहिलंच गरोदरपण, अकरावा आठवडा चालू आहे. मी शाकाहारी आहे, अंडी मात्र खाते. गेला महिनाभर मळमळीने हैराण झालेय. पालेभाजी शिजायला लागली की वासानेच उलटी होते. डाळ नको, दूध नको. मऊ भात, उकडलेला बटाटा, कोरडे टोस्ट आणि गार दही एवढंच पोटात टिकतं. वजन 56 वरून साडेचोपन्नवर आलंय. लोहाची गोळी घेतली की हमखास उलटी होते, म्हणून आठवडाभर कुठलीच गोळी घेतली नाही. सासूबाई म्हणतात, आता दोघांचं खायचं. आईला वाटतं, मी मनावर घेतलं तर खाता येईल. नवऱ्याने कुठूनतरी आहाराचा तक्ता आणून फ्रिजवर लावलाय. रोज रात्री तो त्यातलं काय राहिलं ते विचारतो. त्याचा हेतू चांगलाच आहे, पण मला रडू येतं. दिवसाला एक कप कॉफी घेते, तीही चोरून. बाळाला मी उपाशी ठेवतेय का?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू लिहिलंयस त्यावरून तरी, नाही. तू बाळाला उपाशी ठेवत नाहीयेस. अकराव्या आठवड्यात गर्भ जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं वजन काही ग्रॅम असतं. त्याला लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की पहिल्या तीन महिन्यांत आईने नेहमीपेक्षा जास्त खाण्याची गरजच नसते. ती गरज नंतर वाढते, मधल्या तीन महिन्यांत रोज साधारण 340 किलोकॅलरींनी आणि शेवटच्या तीन महिन्यांत साधारण 450 ने. 340 म्हणजे दोन उकडलेली अंडी, एक केळं आणि छोटा पेलाभर दूध. दुसरं ताट वाढून घ्यावं एवढी ती भूक नव्हेच.

तेव्हा 'दोघांचं खा' यातली माया घे, हिशेब सोडून दे. आकडे बघितलेस तर दुसरंच काही दिसेल. उष्मांकांची गरज थोडीच वाढते, पण काही पोषकद्रव्यांची खूप वाढते. लोहाची रोजची गरज 18 मिलिग्रॅमवरून 27 वर जाते, फोलेटची 400 मायक्रोग्रॅमवरून 600 वर, आणि आयोडीनची 150 वरून 220 ते 250 मायक्रोग्रॅमच्या घरात. पोट भरभरून खाल्ल्याने ही गरज भागत नाही. सध्या जेवणाचीच पंचाईत असताना हा भार गोळ्यांनी उचलायचा असतो, आणि नेमक्या त्याच तू बंद केल्यास. तुझ्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती ही एकच गोष्ट. तिच्याकडे येते, पण आधी मळमळीबद्दल बोलू.

तुझ्या आईंचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण बरोबर नाही. ही मळमळ मनाची नाही. वार आणि गर्भ जीडीएफ15 नावाचं एक संप्रेरक तयार करतात. ते आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या उलटीशी संबंधित भागावर काम करतं. ज्या स्त्रीच्या शरीरात गरोदरपणाआधी या संप्रेरकाचं प्रमाण कमी असतं, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त त्रास होतो, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेजो यांनी स्वतः गरोदरपणात या आजाराचं अतितीव्र रूप सोसलं होतं. हा परिच्छेद आईंना वाचून दाखव. 'मनावर घे' हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ते ऐकणारी बाई उलटीच्या वर अपराधीपणाही गिळत राहते.

बहुतेकींची मळमळ सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत उतरते. काही जणींची बाराव्या-तेराव्यातच कमी होते. तोपर्यंत तुझं काम एवढंच: जे पोटात राहतं ते खाणं आणि पाणी कमी पडू न देणं. मऊ भात, बटाटा, टोस्ट, दही ही यादी वाईट नाही गं. दह्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतंय. भात-बटाट्यातून ऊर्जा मिळतेय, आणि बटाट्यात थोडं क जीवनसत्त्वसुद्धा असतं. यात एखादं घट्ट उकडलेलं अंडं गार करून बघ. गरम अन्नाला जास्त वास सुटतो, गार किंवा कोमट अन्न त्यामानाने सोसतं. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी चार घास खा. उशाशी कोरडा टोस्ट ठेव, तो खाऊन दहा-पंधरा मिनिटं पडून राहा आणि मगच उठ. पाणी जेवताना नको, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट घे. साधं पाणी नकोसं होत असेल तर लिंबू पिळून, किंचित मीठ-साखर घालून. आल्याने काही जणींना खरंच बरं वाटतं, थोडंसं किसून पाण्यात उकळून बघायला हरकत नाही.

एवढं करूनही दिवस मळमळीतच जात असेल तर सहन करत बसू नकोस. डॉक्टरांकडे औषध माग. बी6 जीवनसत्त्व, आणि त्याच्या जोडीला डॉक्सिलामाइन, हे गरोदरपणातल्या मळमळीवर बराच काळ वापरात असलेलं औषध आहे, आणि त्याच्या सुरक्षिततेचा अभ्यासही भरपूर झालेला आहे. 'गरोदरपणात औषध नको' म्हणून महिनाभर ओकत राहण्यात कसलंही शहाणपण नाही. फक्त डोस डॉक्टरांनी ठरवायचा, दुकानातून आपला आपण आणायचा नाही.

आता गोळ्या. लोहाची गोळी सोसली नाही म्हणून तू फोलिक अॅसिडचीही थांबवलीस. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फोलिक अॅसिड म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप. ती गोळी छोटीशी असते आणि बहुतेकींना तिने मळमळ होत नाही. ती आजपासून पुन्हा सुरू कर. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. ती नीट मिटावी म्हणूनच ही गोळी गर्भ राहण्याआधीपासून आणि पहिले तीन महिने घ्यायला सांगतात. तुझ्या बाळात तो टप्पा कधीच पार पडलाय, त्यामुळे आठवडाभर चुकली म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. पण फोलेटचं काम तिथे संपत नाही, नवं रक्त तयार व्हायलाही ते लागतं. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरने 1931 साली दाखवून दिलं होतं, की यीस्टच्या अर्काने गरोदर स्त्रियांमधला एका प्रकारचा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. रोज 400 मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण आहे. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल किंवा आईला काही विशिष्ट आजार असतील, तर डॉक्टर ते बरंच जास्त देतात.

लोहाचा प्रश्न वेगळा आहे. ती गोळी पोटाला जड जाते, मळमळ वाढवते, बद्धकोष्ठ करते. हे माहीत असल्यामुळेच मळमळ फार असेल तर पहिले काही आठवडे फक्त फोलिक अॅसिड चालू ठेवायचं आणि लोह थोडं पुढे ढकलायचं, असं बरेच डॉक्टर करतात. पण हा निर्णय तुझं हिमोग्लोबिन बघून व्हायला हवा, म्हणून डॉक्टरांना फोन करून स्पष्ट सांग: 'लोहाची गोळी उलटून पडते, आठवडाभर घेतलेली नाही.' हे सांगायला लाजू नकोस. गोळी घेत नाही हे न सांगता तपासणीला जाणं जास्त धोक्याचं, कारण मग रिपोर्टचा अर्थ चुकीचा लागतो. डॉक्टर गोळीचा प्रकार बदलतील, डोस कमी करतील किंवा रात्री झोपताना घ्यायला सांगतील. रोजच्या गोळीचा त्रास होणाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा 120 मिलिग्रॅम लोह हा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही आहे. हिमोग्लोबिन फारच कमी झालं आणि गोळ्या सोसतच नसतील, तर पुढच्या महिन्यांत शिरेतून लोह देता येतं. मार्ग बरेच आहेत, पण डॉक्टरांना कळलं तरच ते सुचवतील.

लोह इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. गरोदरपणात आईच्या रक्तातला पातळ द्रव जवळजवळ दीडपट होतो. लाल पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाहीत. त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. पहिल्या तीन महिन्यांत ते 11 च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. बाळ स्वतःच्या पहिल्या काही महिन्यांसाठी लागणारं लोहही तुझ्याकडूनच साठवून नेणार आहे. आणि एक खूण लक्षात ठेव. बर्फ, माती, खडू असलं काही चघळावंसं वाटायला लागलं तर ते डोहाळे म्हणून सोडून देऊ नकोस. ते बऱ्याचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं.

वजनाचं म्हणशील तर 56 वरून साडेचोपन्न म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. पहिल्या तीन महिन्यांत इतकं उतरणं अनेकींच्या बाबतीत होतं. आधीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत पावणेतीन किलोच्या आसपास वजन गेलं, तर मात्र तातडीने दाखवायचं. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात राहिलं नाही, आठ तास लघवीच झाली नाही किंवा ती गडद रंगाची झाली, उठल्यावर चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटात दुखणं सुरू झालं, तर वाट बघू नकोस. रात्र असली तरी जा. सलाइन लावून, गरजेप्रमाणे बी1 जीवनसत्त्व देऊन शरीर सावरता येतं, आणि ते वेळेवर झालेलं बरं.

पालेभाजी खाता येत नाही याचं दुःख करू नकोस. फोलेट डाळींत, कडधान्यांत, शेंगदाण्यांत, संत्र्यातही असतं. पालकातलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. तेव्हा दोन महिने पालेभाजीवाचून काही अडत नाही.

मळमळ उतरली की मग आहाराकडे बघायचं, आणि तेव्हा प्रथिनांपासून सुरुवात कर. मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत रोज 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि शाकाहारी घरात नेमकी तीच कमी पडतात असा माझा अनुभव आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम. पाणीदार डाळीत फार थोडं मिळतं, म्हणून डाळ घट्ट असू दे. सोयाबीन, राजमा, हरभरा, पनीर आलटून पालटून घे. डाळी-कडधान्यांवर लिंबू पीळ, क जीवनसत्त्वामुळे त्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेव, ती उलट काम करते. कॅल्शियमची गोळी मिळाली तर ती लोहाच्या गोळीबरोबर नको, वेगळ्या वेळी घे.

तू मांस-मासे खात नाहीस, म्हणून बी12 ची तपासणी आवर्जून करून घे. दूध आणि अंड्यांतून ते मिळतं, पण सध्या दूध बंद आहे. माशांतून मिळणारं डीएचए हे ओमेगा-3 प्रकारचं स्निग्धाम्ल तुझ्या आहारात कमी असणार. जवस आणि अक्रोडातून त्याचं मूळ रूप मिळतं, पण शरीर त्याचं डीएचएमध्ये रूपांतर फारच थोडं करतं. शैवालापासून केलेल्या डीएचएच्या गोळ्या असतात, त्यांबद्दल डॉक्टरांना विचार. अंड्याच्या पिवळ्या बलकात कोलीन असतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते मोलाचं आहे, म्हणून बलक टाकून नुसतं पांढरं खाऊ नकोस. मीठ आयोडीनयुक्त आहे ना, पाकिटावर बघ. एवढंच.

गरोदर बाईला इतक्या गोष्टी 'खाऊ नको' म्हणून सांगितल्या जातात की खऱ्या धोक्याच्या चार गोष्टी त्या गर्दीत हरवून जातात. मला महत्त्वाच्या वाटतात त्या या. दारू अजिबात नाही, तिचं सुरक्षित प्रमाण कुणालाच ठरवता आलेलं नाही. कच्चं दूध आणि त्याचे पदार्थ नकोत, दूध पाश्चराइज केलेलं किंवा नीट उकळलेलं हवं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. आईला साधा ताप आल्यासारखं वाटतं, पण गर्भाला त्याची मोठी इजा होऊ शकते. म्हणून फ्रिजमधलं उरलेलं शिजवलेलं अन्न वाफ येईपर्यंत गरम कर, आणि मगच हवं तर थोडं निवू दे. कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं नको. आणि मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नकोस. ही गोष्ट ऐकून अनेकींना नवल वाटतं, कारण ती पौष्टिक म्हणूनच खाल्ली जातात. पण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, आणि ते बियांच्या आतपर्यंत गेलेले असू शकतात. धुवून ते जात नाहीत. शिजवून खा, मग ती उत्तमच. फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायच्या. अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या नकोत, रेटिनॉलच्या रूपातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भात व्यंग होऊ शकतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या एकदम घेऊ नकोस. 'नैसर्गिक' म्हणून कुणी चूर्ण किंवा काढा आणून दिला, तर त्यात नेमकं काय आहे हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नकोस.

शेंगदाणे खाल्ल्याने बाळाला त्यांची अॅलर्जी होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुला स्वतःला अॅलर्जी नसेल तर खुशाल खा.

आणि ती कॉफी उघडपणे पी. दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहावं, अशी साधारण शिफारस आहे. मगभर इन्स्टंट कॉफीत 100 च्या आसपास असतं, मगभर चहात 75. चॉकलेट आणि कोलाही त्याच हिशेबात धर. तुझा एक कप यात सहज बसतो.

आता तुझ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचेत, त्यांना हे वाचायला दे. तुमची काळजी खरी आहे, पण तो तक्ता आज काढून ठेवा. तो बनवणाऱ्याला तुमच्या बायकोच्या पोटाची अवस्था माहीत नव्हती. रोज रात्री 'काय राहिलं' विचारण्याऐवजी 'पाणी किती गेलं, लघवी नीट झाली का' एवढं विचारा, सध्या उपयोगाची माहिती तीच आहे. वासाने त्रास होतो आहे, म्हणून शक्य तितके दिवस स्वयंपाक तुम्ही हातात घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, फोडणी ती दुसऱ्या खोलीत असताना द्या. चार चार घासांचे लहान डबे भरून ठेवा, म्हणजे तिला दर वेळी स्वयंपाकघरात यावं लागणार नाही. गोळ्या उलटून पडल्याचं डॉक्टरांना फोनवर सांगायला तिला अवघड जात असेल, तर तो फोन तुम्ही करा.

मैत्रिणी, चौथ्या-पाचव्या महिन्यात एक दिवस अचानक भूक लागेल. तेव्हा अन्नाला घाबरू नकोस, चवी बदलत राहा. आईने खाल्लेल्या अन्नाचा स्वाद गर्भजलात उतरतो आणि बाळ तो गिळत असतं. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही गरोदर स्त्रियांनी शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांना पुढे वरचं अन्न सुरू केल्यावर गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा जास्त रुचली. तेव्हा आज नकोशी झालेली पालेभाजी सहाव्या-सातव्या महिन्यात खाल्लीस तरी ती चव बाळापर्यंत पोचायला उशीर झालेला नसेल.

पुढच्या तपासणीला जाताना कागदावर एवढं लिहून ने: आत्ताचं वजन, कुठली गोळी कधीपासून बंद आहे, दिवसात किती वेळा उलटी होते, आणि मळमळीचं औषध, हिमोग्लोबिन, बी12, डीएचए यांबद्दलचे प्रश्न. एकूण वजन किती वाढायला हवं तेही विचार. उंचीच्या मानाने तुझं आधीचं वजन मध्यम असेल, तर पूर्ण गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलो योग्य मानतात. अंगकाठी बारीक असेल तर थोडं जास्त, जाड असेल तर कमी. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी होईल, ती चुकवू नकोस. फोलिक अॅसिडच्या गोळीसाठी मात्र तपासणीची वाट बघू नकोस. ती आज रात्री दोन चमचे गार दही खाऊन घे.